ज्यू डे स्कूल: तोरा हिब्रूतूनच शिकवावी का?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गमभन

अमेरिकेतल्या ज्यू डे स्कूलमध्ये दिवसभरात दोन अभ्यासक्रम बसवावे लागतात. गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास हा एक. हिब्रू भाषा, तनाख म्हणजे हिब्रू बायबल (त्याची पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा), मिश्ना-तालमुद (जुने धर्मनियम आणि त्यांवरची चर्चा) आणि प्रार्थना हा दुसरा. शाळा सकाळी आठ ते पावणेचार धरली तर प्रार्थनेला ३०-४० मिनिटं जातात, जेवण आणि मधल्या सुट्टीला पाऊण-एक तास. ज्यू विषयांच्या तासांना दोन ते अडीच तास उरतात. तिश्रेई महिन्यातले (सप्टेंबर-ऑक्टोबर) सण, पेसाह या वसंतातल्या सणाची सुट्टी आणि हिवाळ्यात शब्बाथसाठी (शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो) लवकर सुटणारे शुक्रवार धरून वर्षाकाठी फार तर ३५०-४०० तास हाती लागतात.

आता वाद असा की हे तास कुठल्या भाषेत घालवायचे. ब्रुकलिनची १९२७ साली सुरू झालेली यशिवा ऑफ फ्लॅटबुश ही शाळा हिब्रू माध्यमासाठी नावाजली गेली. या पद्धतीला 'इव्रित बे-इव्रित' म्हणतात, म्हणजे हिब्रू हिब्रूतूनच. आज पुष्कळ शाळा हे सोडून इंग्रजीवर आल्या आहेत आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. तोरा इंग्रजीतून घेतली की हिब्रूसाठी रोजचा एकच तास उरतो, आणि एका तासात भाषा अंगवळणी पडत नाही.

'लहान मुलांना अर्थ कळत नाही' हा नेहमीचा आक्षेप. दुसरीतला धडा बघा. बऱ्याच शाळांत 'उत्पत्ती' या तोरेच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापासून सुरुवात होते. देव अव्रामला (अब्राहामला) सांगतो: तुझा देश, तुझं जन्मस्थान, तुझ्या बापाचं घर सोडून जा. शिक्षिका ओळ तालात वाचते, मुलं बोट ठेवून मागोमाग वाचतात. मग 'आर्त्सेखा', 'मोलादतेखा', 'आवीखा' या तिन्ही शब्दांच्या शेवटच्या 'खा'ला लाल पेन्सिलीनं गोल करायचा. शिक्षिका एका मुलाची वही उचलते आणि त्याला विचारते, 'माखबेरेत शेल्खा?' (तुझी वही?) तो मान डोलावतो. 'खा' म्हणजे 'तुझा', हे समजायला इंग्रजी लागलं का? पुढे नकाशा, गाव आणि घर अशी तीन चित्रं ओळीतल्या क्रमानं लावायची. माणूस आधी घर सोडतो, मग गाव, मग देश. इथे क्रम उलटा का? हे विचारायला 'लामा' (का), 'कोदेम' (आधी) आणि 'बाइत' (घर) एवढे शब्द पुरतात.

पद्धत फसते ती शिक्षकाच्या एका सवयीमुळे: हिब्रूत वाक्य बोलायचं आणि लगेच तेच इंग्रजीत सांगायचं. पंधरा दिवसांत मुलं हिब्रू ऐकणं सोडून इंग्रजीची वाट बघू लागतात. मग दोष पद्धतीच्या माथी मारला जातो.

तळटीप

असहमत. तुमच्या धड्यात मुलाला प्रश्न विचारता येतो, पण उत्तर देता येत नाही. तोरेचा भाष्यकार राशी या ओळीवर विचारतो की अव्राम तर आधीच तिथून बापाबरोबर निघाला होता, मग आता 'नीघ' का म्हटलं? त्यावर त्याचं उत्तर: आणखी लांब जा, आता बापाचं घरही सोड. यावर सात-आठ वर्षांच्या मुलाला खूप काही बोलायचं असतं: बापाला एकटं टाकायचं का, देवानं असं का सांगावं. ते बोलायला त्याच्याकडे हिब्रू नसतं. मग चर्चा 'होय', 'नाही', 'चांगला', 'वाईट' इथे थांबते. पाचवी-सहावीत तर हे फार बोचतं, कारण इंग्रजीच्या तासाला तीच मुलं कादंबरीतल्या पात्राच्या हेतूंवर पानभर लिहीत असतात. तोरा हा बाळबोध विषय आहे असा त्यांचा समज होतो आणि पुढेही तो समज मिटत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची. बोलीभाषेच्या तासाला मूल 'योमार' म्हणजे 'तो म्हणेल' असं शिकतं. तोरा उघडली की पानोपानी 'वायोमेर' दिसतं आणि त्याचा अर्थ 'तो म्हणाला'. पुढे जोडलेल्या 'वा'नं भविष्यकाळाचा भूतकाळ होतो. आधुनिक हिब्रू आली की बायबलची हिब्रू आपोआप येते, हे गृहीतकच कच्चं आहे.

आणि परंपरेचा दाखला हवा तर मिश्नाच्या मगिला भागात (४:४) सभागृहातल्या वाचनाचा नियम दिला आहे: तोरा वाचणाऱ्यानं भाषांतर करणाऱ्याला एका वेळी एकाहून जास्त ओळ देऊ नये. लोकांना अरामी कळत होती म्हणून ओळीगणिक अरामी अर्थ सांगितला जाई. पूर्व युरोपातल्या खेडरमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या धर्मशाळेत, शब्दागणिक यिडिश म्हणजे घरच्या भाषेतला अर्थ घोकला जात असे. खुद्द राशी अकराव्या शतकात अवघड शब्दाला जुना फ्रेंच प्रतिशब्द हिब्रू लिपीत लिहून देतो. लेकरांच्या भाषेत शिकवणं हाच जुना मार्ग आहे.

नवगाव

तळटीप यांच्या बाजूनं आपल्याकडचं उदाहरण जोडतो. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची घरची भाषा मराठी. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, तो मिशनरी होता हे खरं, पण पुस्तक कामाला आलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची एकामागून एक पुस्तकं मराठीत आणली. हिब्रू मजकूर आणि मराठी अर्थ एकत्र असलेली पेसाहची हग्गादा (सेदेर म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला वाचायचं पुस्तक) १८७४ साली पुण्यात छापली गेली. मराठी अर्थ हाताशी आल्यावर सेदेरच्या रात्री घरातल्या बायामाणसांनाही आपण काय म्हणतो ते कळू लागलं. याच समाजातल्या केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत काढलेली इस्रायली शाळा, म्हणजे आजची माझगावची सर एली कदुरी, तीही याच काळातली. हिब्रूच्या जोडीला मराठी उभी राहिली म्हणून समाजात वाचन वाढलं, असं माझं ठाम मत आहे.

गमभन

मगिलाचा दाखला अर्धाच दिलात. त्याच भागाच्या तालमुदात (३२अ) पुढे म्हटलंय की वाचणाऱ्यानं भाषांतर करणाऱ्याला शब्द सुचवू नयेत, नाहीतर लोकांना वाटेल की भाषांतरही तोरेतच लिहिलेलं आहे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, आणि अर्थ तोंडी. मूळ मजकूर आणि अर्थ यांची गल्लत होऊ नये याची ती काळजी होती.

आजच्या इंग्रजी पद्धतीत नेमकी हीच गल्लत होते. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर हिब्रू अशी प्रत दिली की मुलाची नजर डावीकडे जाते आणि तिथेच राहते. आठवीत गेलेलं मूल हिब्रू ओळीतलं क्रियापद दाखवू शकत नाही, पण इंग्रजी वाक्य पाठ म्हणतं.

नवगाव, १८७४ची हग्गादा मोठ्यांसाठी होती, घरी वर्षातून एकदा उघडायची. रोज शाळेत बसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं. आणि 'वायोमेर'ची अडचण मान्य आहे, पण ती आठवडाभराची आहे. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावायचा: योमार-वायोमेर, येलेख-वायेलेख, यिरे-वायार. प्रत्येक नव्या ओळीत मुलांनी स्वतः भर घालायची. तिसरीपर्यंत मुलं न अडखळता ओळखतात.

पाटीपेन्सिल

तुम्ही दोघं अर्थावर भांडताय, पण बरीच मुलं त्याच्या अलीकडेच, अक्षरवाचनात, अडकलेली असतात आणि कोणी तपासत नाही.

पहिलीत मूल दोन लिप्या एकदम शिकतं, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. स्वरचिन्हं लावलेली हिब्रू उच्चाराला इंग्रजीपेक्षा सरळ आहे, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं. घोटाळा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत होतो: दालेत-रेश, बेत-खाफ, हे-खेत. शिवाय पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी रूपं वेगळी. प्रार्थना रोज एकत्र म्हणायची असल्यानं मूल ती कानानं पाठ करतं आणि पान बघून वाचतंय असं भासतं. तपासणी सोपी आहे: सिद्दूर म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातल्या ओळखीच्या ओळीऐवजी अर्थ नसलेली अक्षरं-स्वरांची जोडणी वाचायला द्यायची, एक मिनिट, मुलागणिक, पहिलीच्या शेवटी आणि दुसरीच्या मध्यावर. जे अडखळतात त्यांना आठवड्यातून तीन वेळा १५ मिनिटं वेगळं बसवायचं. दुसरीत हे राहिलं तर चौथीत त्या मुलाला तोरेचा तासच नकोसा होतो, मग तो हिब्रूत घ्या नाहीतर इंग्रजीत.

तालमुदाच्या बावा बात्रा भागात (२१अ) एका शिक्षकाला २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस आणि ५० झाली तर दोन शिक्षक, असा हिशोब दिला आहे. हिब्रूचा वर्ग २५चा ठेवून मदतनीस न देणाऱ्या शाळा इंग्रजी वाचनाला मात्र दोन जणी देतात. पैसा कुठे जातो त्यावरून शाळेचा खरा क्रम कळतो.

सहावीत बाहेरून येणाऱ्यांचाही प्रश्न आहे. पूर्ण हिब्रू माध्यमात ती वर्षभर मुकी बसतात. तयारीचा वेगळा वर्ग, 'मेखिना', नसेल तर शाळेनं त्यांना घेऊच नये.

तळटीप

तपासणीबद्दल पूर्ण सहमत.

माध्यमाबद्दल मात्र गमराची, म्हणजे तालमुदातल्या चर्चेच्या भागाची, गोष्ट राहिली. सहावी-सातवीनंतर तालमुद सुरू होतो आणि त्यातल्या चर्चेची मुख्य भाषा अरामी आहे. तिथे 'हिब्रूतून हिब्रू' हे तत्त्वच लागू पडत नाही. तिथे उपयोगी पडते ती खव्रुता, दोघांनी मिळून वाचण्याची जुनी रीत, आणि ती मुलांच्या पक्क्या भाषेतच रंगते.

सुरुवातीला बहुधा 'एलू मेत्सियोत' हे प्रकरण घेतात, सापडलेल्या वस्तूंबद्दलचं. विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची. एकावर एक रचलेली तीन नाणी सापडली तर दवंडी पिटायची, कारण रचना ही मालकाची खूण ठरते. दोन मुलं, एक पान, २५ मिनिटं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तोंडी अर्थ लावायचा, पुढच्या वाक्याला उलट. छापील पानावर प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही, म्हणून प्रश्नाला लाल, उत्तराला हिरवी आणि पुराव्याला निळी रेघ. 'ता शमा' आलं की पुरावा येतोय, एवढी खुणेची दहा-बारा पदं आधी पाठ हवीत. मग दोघांनी भांडायचं: दोनच नाणी असतील तर? तिरकी पडलेली असतील तर? तालमुदही हेच विचारतो, आणि आपलाच प्रश्न पानावर सापडला की मुलं खुर्चीत सरसावून बसतात.

जोड्या चुकीच्या लावल्या की हे कोसळतं. हुशार आणि कच्चा अशी जोडी शिक्षकाला सोयीची वाटते, पण हुशार मूल वाचून मोकळं होतं आणि दुसरं गप्प बसतं. जवळजवळच्या पातळीची जोडी लावावी आणि महिन्या-दीड महिन्यानं बदलावी.

दहावा

भाषेइतकाच शाळेतल्या सामाजिक जगण्याचा विचार करा. वेगवेगळ्या पंथांची कुटुंबं एकत्र येतात अशा शाळांत सकाळच्या प्रार्थनेचे तीन-तीन गट करायची पद्धत रूढ झाली आहे: पारंपरिक, स्त्री-पुरुष समान मोजणारा आणि नुसतं चिंतन करणारा. याला माझा विरोध आहे.

सामूहिक प्रार्थनेला किमान दहा जण लागतात. आकडे मांडून बघा. सातवी-आठवी मिळून ३६ मुलं, त्यात १८ मुलगे. पारंपरिक मोजणीत तेरा पूर्ण झालेले पुरुषच धरतात. सप्टेंबरात सातवीतले जवळपास सगळे बाराचे, म्हणजे आठवीतले नऊच मुलगे धरता येतात. त्यातले काही दुसऱ्या गटात गेले की शिक्षक धरूनही दहा भरत नाहीत. दहा नसतील तर सोमवारी-गुरुवारी तोरावाचन नाही, केदुशा (एकत्र म्हणायचं स्तवन) नाही, कद्दिश (मृताच्या जवळच्यांनी म्हणायची प्रार्थना) नाही. एखाद्या मुलाचे वडील गेले असतील तर त्याला अकरा महिने कद्दिश म्हणायचा असतो, आणि त्याची स्वतःची शाळा त्याला दहा माणसं देऊ शकत नाही. गट मोडा, दोन शिक्षकांना बसवा, दहा पूर्ण करा.

जेवणाच्या बाबतीत शाळा हे बरोबर करतात. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून डब्यात मांस नको, फक्त दुधाचं किंवा दोन्हींत न मोडणारं, म्हणजे मुलांना एकमेकांच्या शेजारी बसता येतं. वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलवायचं, शनिवारी रात्र पडण्याआधी नाही, आणि खाऊवर कोशेरचा (धर्मनियमांत बसणाऱ्या खाण्याचा) शिक्का. शनिवार काटेकोर पाळणाऱ्या घरचं मूल यामुळे एकटं पडत नाही.

नवगाव

दहावा, खाण्याचे नियम पटले, पण प्रार्थनेचं नाही. समान मोजणाऱ्या घरच्या मुलीला 'तू बस, पण मोजणीत नाहीस' असं रोज सकाळी सांगायचं का? तिची बात मिट्झवा (धर्मनियमांप्रमाणे वयात आल्याचा विधी) झालेली आहे आणि घरच्या सभागृहात ती तोरा वाचते. कद्दिश म्हणणाऱ्या मुलासाठी त्या काळापुरता सगळ्यांनी एकत्र गट करावा, हे मुलांना आधी समजावून सांगितलं तर ती आपणहून येतात. वर्षभर सक्ती कशाला?

दहावा

कारण दु:ख आठवडा बघून येत नाही. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी गट जुळवायला गेलात तर मुलांना प्रार्थनेचा क्रमच येत नसतो. मुलीच्या बाबतीत तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. निदान तोरावाचनाचे दोन दिवस एकत्र आणि बाकी तीन दिवस गट, एवढं तरी करता येईल.

गमभन

दहावा यांच्या दोन दिवसांना पाठिंबा. तळटीप, गमरासाठी इंग्रजी खव्रुता मान्य, सातवीपासून. पण पहिली ते पाचवी हिब्रूच, आणि इंग्रजी अर्थ आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, तोंडी, पुस्तकं मिटून. त्या तासाला मुलांनी हवं ते विचारावं, अव्रामनं बापाला का सोडलं तेही.

तळटीप

शुक्रवारचा तास हिवाळ्यात सगळ्यात आधी कापला जातो. बुधवार ठेवा, मग माझी हरकत नाही.