मदत हवी आहे: डॉक्टर सॉफ्टवेअर वापरतच नाहीत, काय करावं?

कृष्णाकाठ:
आमच्या हॉस्पिटलमध्ये दिवाळीपासून पेशंटच्या नोंदींचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. डॉक्टर त्याला हात लावत नाहीत. कागदावर लिहितात आणि रिसेप्शनची मुलगी रात्री उशिरापर्यंत बसून ते सगळं कॉम्प्युटरवर चढवते. दुसरं सोपं सॉफ्टवेअर कुणी वापरत असेल तर नाव सांगा. जरा लवकर, पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येतोय.

खडूफळा:
हॉस्पिटल केवढं? सरकारी की खाजगी? सरकारी असेल तर एनआयसी आणि सीडॅक या सरकारी संस्थांची सॉफ्टवेअर आहेत, ई-हॉस्पिटल आणि ई-सुश्रुत. नुसत्या ओपीडीला हवंय की बिलं, लॅब, औषधं सगळ्याला?

आनंदयात्री:
सगळ्यांनी आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, काढा. आधारवरून घरबसल्या १४ आकडी नंबर मिळतो. आईला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही. सरकारी दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन केला, नाव-पत्ता सांगत रांगेत थांबावं लागलं नाही. फार सोय झाली.

खडूफळा:
ते पेशंटचं झालं हो. इथे डॉक्टर लिहीत नाहीत हा प्रश्न आहे.

कृष्णाकाठ:
खाजगी आहे, २५ खाटा, तालुक्याचं गाव. बहीण आणि दाजी डॉक्टर, कारभार मी बघते. बाकीचे डॉक्टर बाहेरून येतात.

डॉ_सह्याद्री:
मी त्या बाहेरून येणाऱ्यांपैकीच. प्रत्येक हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर वेगळं, पासवर्ड वेगळा. ओपीडीत बाहेर रांग असते. स्क्रीनकडेच बघत बसलो तर पोट कधी तपासू? कागदावर दोन ओळींत काम होतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतही भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवा, मागितल्यावर ७२ तासांत द्या, एवढंच आहे. कॉम्प्युटरची सक्ती नाही.

खडूफळा:
एवढंच नाही. नोंदी संगणकावर आणण्याचे प्रयत्न करावेत, असंही त्याच नियमांत आहे.

निवृत्त_सिस्टर:
नियम राहू द्या. ताई, वॉर्डातल्या सिस्टर औषध कुठे बघून देतात? राउंडला डॉक्टर तोंडी डोस बदलतात. मग कागदावर एक आणि कॉम्प्युटरवर दुसरंच राहतं. मी हे पाहिलंय.

कृष्णाकाठ:
सिस्टर कागदी चार्ट बघतात, मेडिकलवाला कॉम्प्युटर बघतो. मला खरी भीती याचीच आहे. एका पेशंटला पेनिसिलीन चालत नाही हे केसपेपरवर लाल शाईने लिहिलेलं होतं, कॉम्प्युटरवर तो रकाना कोरा. मेडिकलमधून तेच इंजेक्शन वर आलं. सिस्टरने देण्याआधी पेशंटला विचारलं म्हणून टळलं. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

खडूफळा:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! नोंद दोन जागी राहिली तर कुठलंही सॉफ्टवेअर आणा, हे पुन्हा होईल.

लीड्सवासी:
इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २००२ मध्ये नोंदी कॉम्प्युटरवर आणायला सगळ्या देशासाठी एकच मोठा कार्यक्रम काढला, अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये गुंडाळायला घेतला. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विश्वासात घेतलंच नव्हतं. पण इथले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्याच्या कितीतरी आधीपासून कॉम्प्युटर वापरत होते. बीपी-शुगरच्या पेशंटची तीच ती चिठ्ठी पुन्हा लिहावी लागत नाही, हा फायदा त्यांना रोज दिसत होता.

डॉ_सह्याद्री:
अमेरिकेत २००९ च्या कायद्याने अनुदान देऊन असं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. तिथले डॉक्टर आता रात्री घरी बसून नोंदी पुऱ्या करतात. तेच इथे आणायचंय का?

हिशेबनीस:
अनुदान आपल्याकडेही निघालं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये २०२३ पासून डीएचआयएस ही डिजिटल नोंदींसाठी पैसे देणारी योजना आली. दहा किंवा जास्त खाटा असतील तर आभाला जोडलेल्या, ठरावीक पातळीपुढच्या दर नोंदीमागे २० रुपये. सध्याची मुदत बघून घ्या.

निवृत्त_सिस्टर:
वीस रुपयांसाठी कुणी टाइप करणार नाही. ताई, सगळं एकदम मागू नका. ॲलर्जीचा रकाना भरल्याशिवाय पेशंट भरती होणार नाही असं करा, तो सिस्टरने पेशंटला विचारून भरायचा. औषधांची नोंद एकाच जागी. राउंडला आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातच राहणारा ड्युटी डॉक्टर, टॅब घेऊन मोठ्या डॉक्टरांसोबत फिरेल, तिथल्या तिथे भरेल आणि डॉक्टर बघून मान्य करतील. आरएमओ आहे ना? रात्रीचाही?

डॉ_सह्याद्री:
हे मला चालेल. माझ्या नेहमीच्या चिठ्ठ्या आधी भरून ठेवा, मी फक्त डोस बदलेन. ओपीडीत मात्र कागदच.

कृष्णाकाठ:
आरएमओ दोन आहेत, रात्रीचाही. बहिणीशी बोलले, ॲलर्जीचं आजपासूनच सुरू करतोय. पण वॉर्डात नेट सारखं जातं, तेव्हा टॅबवर काहीच दिसत नाही.

खडूफळा:
मग कंपनीच्या माणसाला आधी तेच विचारा. नेट गेल्यावर निदान औषधांचा चार्ट दिसतो का, ते वॉर्डात उभं राहून करून दाखवायला लावा. आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर सगळा डेटा कुठल्या स्वरूपात परत देणार?

कृष्णाकाठ:
करारात डेटा परत देण्याबद्दल एक ओळ दिसत नाही. अशा अटीचा मसुदा कुणाकडे आहे का?

हिशेबनीस:
शेवटचा हप्ता दिलात का? राहिला असेल तर आधी अट लेखी घ्या, चेक मग. मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.