सी चा प्रोग्राम बंद पडून राहिला, डीबगर कोणतं घ्यावं?

ए-४०२ काकू: ग्रुपवर कोणी कम्प्युटरवाले आहेत का? पोरगा इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे, त्याचा सी चा प्रोग्राम सारखा बंद पडून राहिला. डीबगर म्हणते तो. विकत कुठं भेटते? सीताबर्डीला?

सी-१०१: काकू, डीबगर म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधायचं सॉफ्टवेअर. काही विकत नका घेऊ, चांगले चांगले फुकट आहेत. त्यालाच लिहू द्या इथं.

ए-४०२ काकू: दादा, मी आहे, आईचा फोन. लिंक्ड लिस्ट आहे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या डब्यांची (नोडची) साखळी. पहिला नोड डिलीट केला की एक कचरा आकडा छापते अन् मग सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद). उबुंटू, ४ जीबी रॅम. व्हीएस कोड घेऊ की डीडीडी?

बी-२०३: व्हीएस कोड, विषय संपला. एक्स्टेन्शन टाक, ब्रेकपॉइंट मार की त्या ओळीवर प्रोग्राम थांबते, बाजूला सगळे व्हेरिएबल दिसतात. मिहानला आमच्या ऑफिसात सारे तेच वापरतात.

सी-१०१: भाऊ, ऑफिसासाठी बरोबर आहे. पण लिनक्सवर व्हीएस कोडच्या आत काम करते तो जीडीबी नावाचा डीबगरच. डीडीडी, केडीबीजी यांचंही तेच. इंजिन जीडीबीचं, बॉडी ज्याची त्याची. १९८६ मध्ये स्टॉलमनने लिहिला, अजून पळून राहिला! त्यामुळे फरक राहतो तो स्क्रीनवर काय दिसते याचा. व्हीएस कोडमध्ये लिस्ट उलगडत जावी लागते: हेड (पहिल्या नोडचा पत्ता), त्यात नेक्स्ट (पुढच्याचा पत्ता), त्यात अजून नेक्स्ट. दोन पॉइंटर (पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) एकाच नोडवर आहेत का, हे पत्ते जुळवून पाहा. डीडीडीत पॉइंटरवर डबल क्लिक केलं की पुढचा नोड चौकोनात उघडते, मध्ये बाण. डेटा मेनूत 'डिटेक्ट एलियासेस' चालू केलं तर एकाच नोडचे दोन चौकोन काढत नाही. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण पॉइंटर शिकणाऱ्यानं तेच घ्यावं, अन् ४ जीबीत आरामात चालते.

सेक्रेटरी: उद्या सकाळी गच्चीवरची टाकी धुणार आहे. रात्रीच पाणी भरून ठेवा.

बी-१०५ काका: आम्ही तर जागोजागी प्रिंटएफ टाकून किंमती छापूनच जिंदगी काढली राजेहो.

सी-१०१: काका, चालते ना. फक्त शेवटी न्यूलाइन नसली तर छापलेलं बफरमध्येच (मेमरीत, स्क्रीनवर न येता) राहते अन् प्रोग्राम मरते. मग पोरगा भलत्याच ओळीत शोधत बसते.

सी-१०१: हं, तू मायनस जी (डीबगरसाठीची माहिती जोडणारं) देऊन कम्पाइल कर. मायनस ओ टू (कोड वेगवान करणारं) असेल तर काढ, नाहीतर व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसते. मेन फंक्शनमध्ये लिस्ट बनल्यावर थांब, हेडवर वॉचपॉइंट लाव, अन् मग डिलीट चालव. हेड बदललं की प्रोग्राम आपोआप थांबते.

बी-२०३: वॉच तर व्हीएस कोडमध्येही आहे.

सी-१०१: तिथं वॉच म्हणून जी खिडकी आहे ती नुसती किंमत दाखवते भाऊ, प्रोग्राम थांबवत नाही.

ए-४०२ काकू: दादा, थांबलंच नाही. सरळ सेगमेंटेशन फॉल्ट.

सी-१०१: म्हणजे मेनमधलं हेड बदललंच नाही. फंक्शनला काय पाठवलं, हेड की हेडचा पत्ता?

ए-४०२ काकू: हेड 🤦

सी-१०१: मग फंक्शननं त्याची कॉपी बदलली. मेनचं हेड अजून फ्री केलेल्या (मेमरी सोडून दिलेल्या) नोडवरच आहे. पत्ता पाठव, नाहीतर नवं हेड रिटर्न कर.

बी-२०३: ते डीडीडी टाकायचं कसं म्हणे?

सी-१०१: सुडो एप्ट इन्स्टॉल डीडीडी 😄