सोसायटी ग्रुप: कुत्री फिरवणारा मुलगा

बी-४०३: नमस्कार. कुणावर आरोप नाही. पण ब्रूनोला फिरवणारा मुलगा ४५ मिनिटांचे पैसे घेतो आणि आज बाल्कनीतून बघितलं तर २५ मिनिटं कट्ट्यावर बसून मोबाईल! ब्रूनो खांबाला बांधलेला. आणखी कुणाकडे येतो तो?

सी-६०२: आमच्याकडे. मुलगा चांगला आहे हो ताई. मोतीला सवय झालीये त्याची.

ए-१०१: लिफ्टमध्ये एका वेळी एकच कुत्रा. मागच्या मीटिंगमध्येही बोललो होतो.

बी-४०३: चांगला असेल, पण एका हातात चार पट्टे धरतो. मांजर दिसलं की चौघं चार दिशांना.

सी-६०२: चार नाही, तीन. ए-३०४ चा पग चालतच नाही, त्याला कडेवर घेतो 😄

ए-३०४: हसा. काल दुपारी ३ ला नेला त्याला, मला न विचारता. म्हणे संध्याकाळी दुसरं काम आहे. परत आला तर धाप थांबेना. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करतो. त्यात चपटं नाक. रस्त्यावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजतात.

ए-१०१: लिफ्टमध्ये एका वेळी एकच कुत्रा.

बी-५०३: काका, आधी लिफ्ट तर चालू होऊ दे 🙏

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला फोन केलाय. विषयावर बोला.

बी-४०३: बी-५०३ ने तक्रार करावी ही गंमतच. आमच्या बाथरूमचं छत ७ महिने ठिबकतंय.

बी-५०३: ताई, ते कॉमन पाइपचं आहे. इथे नको, पर्सनलवर बोलू.

बी-४०३: पर्सनलवर निळी टिक येते, उत्तर येत नाही.

सी-२०१: आमच्या ह्यांनाही नेईल का तो? शुगर वाढलीये 😂

ए-३०४: पट्टा तुमचा आणा काकू. बरं, चूक आपलीही आहे. किल्ली दिली आणि मोकळे झालो. एकदा तरी कुणी त्याच्याबरोबर चाललं का? किती कुत्री एकदम नेणार, तो आला नाही तर कोण येणार, कुत्रा आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, काहीच विचारलं नाही. आणि मोतीचा पट्टा! दोन बोटं जातील एवढाच सैल हवा, त्यात मूठ जाते. कुत्रा मागे सरकला की डोकं बाहेर.

सी-६०२: त्याला घट्ट आवडत नाही. आजवर कधी सुटला नाही.

बी-५०३: आमच्याकडे कुत्रा नाही, तरी सांगतो. शी उचलायची पिशवी त्याच्याकडे नसते. माझ्या चपलेला विचारा.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ला बी-४०३ आणि ए-३०४ यांनी त्याच्याबरोबर चक्कर मारावी. किल्ली कुणाकुणाची त्याच्याकडे आहे ते मला कळवा.

ए-१०१: आणि लिफ्टचं?

सी-२०१: गेटपाशी निळा पट्टा पडलाय. नुसता पट्टा.

सी-६०२: निळा??

सी-६०२: मोती दारात उभा आहे. सहा मजले जिन्याने एकटाच आला. मुलाचा फोन लागत नाहीये.

ए-१०१: बघा, लिफ्ट वापरली नाही.