मदत हवी आहे: "तंबाखू खाशील का?" हे मुलांना विचारावं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर मे महिन्यात असतं. कॉलेजं बंद, लोक गावी, आणि रक्ताची टंचाई नेमकी तेव्हाच. गेली दोन वर्षं मी जुन्या रक्तदात्यांना आधी फोन करतो. "या बरं का" न म्हणता सरळ विचारतो, "यंदा रक्त देणार का? सकाळी की दुपारी?" समोरचा जरा थांबतो, मग म्हणतो, "अं... रविवार ना? दहाला येतो." असे लोक बहुतेक येतात. ("बघू" म्हणणाऱ्याची वाट कोणी बघत नाही.)

मला वाटायचं, माझ्याच बोलण्याची कमाल! मग कॅनडातल्या क्वेबेकचा २००८ चा अभ्यास वाचला. तिथे रक्तदात्यांना पुढे रक्त देण्याचा विचार आहे का, अशी नुसती प्रश्नावली पाठवली होती. त्यांची शिबिरातली नोंदणी सहा महिन्यांत इतरांपेक्षा ८.६ टक्के जास्त भरली.

आता अडचण अशी. जवळच्या शाळेत आठवी-नववीसाठी तंबाखूचं सर्वेक्षण करायचंय. बाईंनी काढलेल्या प्रश्नावलीत तिसराच प्रश्न: "येत्या सहा महिन्यांत तू तंबाखू किंवा गुटखा खाशील असं वाटतं का?" राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवर पुडी मागा, फळीखालून येते. विचारल्याने रक्तदान वाढतं, तर हेही वाढेल का? बाई म्हणतात, "अहो, नुसतं विचारल्याने काय होतंय!" त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. विल्यम्स, ब्लॉक आणि फिट्झसिमन्स या संशोधकांनी २००६ मध्ये हेच मांडलंय. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना अमली पदार्थ घ्याल का, असं विचारलं. दोन महिन्यांनी त्या गटाने, न विचारलेल्यांपेक्षा जास्त वापर सांगितला. आकडे मुलांनी स्वतः सांगितलेले, म्हणून फार ताणू नका. पण ज्याच्या डोक्यात पुडी नाहीच, त्याला भविष्य कशाला वर्तवायला लावायचं? मी असतो तर "कोणी पुडी पुढे केली तर काय म्हणशील?" असं विचारलं असतं. आणि कागदावर नाव नको, नाहीतर सगळेच साधुसंत निघतील.

धागाकर्ता
आभार! तिसरा प्रश्न खोडला. आता बाईंना फोन करतो: "प्रश्न बदलणार का? सोमवारी की मंगळवारी?"