समुद्रावर कधीही न उतरलेल्या मुलीची परदेशातील नौकानयन स्पर्धेसाठी तयारी

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार. माझी १३ वर्षांची मुलगी गेली ३ वर्षे आत्याकडे पुण्यात राहून तिथल्या धरणाच्या पाण्यात ऑप्टिमिस्ट ही शिडाची होडी चालवते आहे आणि आता ओमानमधील एका स्पर्धेसाठी ५ मुलांच्या संघात तिची निवड झाली आहे. आमच्या घरी कुस्ती आणि फुटबॉल यांपलीकडचा खेळ कोणाला ठाऊक नाही. होडी तिथेच भाड्याने मिळणार आहे. समुद्रावर मात्र ती एकदाही उतरलेली नाही. महिनाभरात तिच्याकडून नेमकी कोणती तयारी करून घ्यावी?

उत्तर (निवृत्त नौसैनिक, कसबा बावडा)

ताई, धरणावर शिकली यात कमीपणा मानू नका. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावरच घडली. डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर वारा सारखा दिशा बदलतो, त्यामुळे अशा मुलांना वारा ओळखण्याची नजर लवकर येते. तिला नवी असेल ती लाट. जेमतेम २.३ मीटर लांबीच्या त्या बोथट नाकाच्या होडीत आदळणाऱ्या लाटेबरोबर पाणी शिरते आणि सुकाणू व शिडाचा दोर एका हातात सांभाळून, दुसऱ्या हाताने, होडीला दोरीने बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कापलेल्या डब्याने ते उपसत राहावे लागते. ही सवय सांगून लागत नाही. आंबोलीमार्गे गोवा काही लांब नाही; तिथे ४-५ दिवस तरी तिला खाऱ्या पाण्यात उतरवा.

उत्तर (एक पालक, इचलकरंजी)

वरील सल्ला योग्यच आहे. भाड्याची होडी हाती आली की सगळी जुळवाजुळव मुलांनाच करावी लागते. ऑप्टिमिस्टचे शीड डोलकाठीला जागोजागी बारीक दोऱ्यांनी बांधतात आणि त्यांमधील फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून त्या गाठी तिला डोळे मिटून मारता आल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट आमच्या अनुभवाची. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची असते. एका शर्यतीत समोरच्या होडीने वाट न देता माझ्या मुलाला धडक दिली, पण भिडस्तपणामुळे तो पाण्यावर गप्प राहिला आणि काठावर येऊन रडला. त्या तक्रारीचा काही उपयोग झाला नाही, कारण ‘प्रोटेस्ट’ असे तिथल्या तिथे ओरडून सांगावे लागते. ६ मीटरपेक्षा लहान होड्यांना लाल झेंडा दाखवण्याची अट नसल्याने सारी भिस्त आवाजावरच असते. पुढे सुनावणीही इंग्रजीत होते. कोणती होडी कुठे होती, हे टेबलावर छोट्या होड्या मांडून मुलालाच सांगावे लागते, तेव्हा घरी काडेपेट्या मांडून तिच्याकडून हे इंग्रजीत वदवून घ्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुटीसाठी ती घरीच आली आहे. काल रात्री पडद्याच्या दांड्याला जुने शीड बांधून तिने गाठी मारून दाखवल्या आणि मी फूटपट्टीने मोजले, तेव्हा दोन ठिकाणी फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त भरली. गोव्याचे पुढच्या आठवड्यात ठरवते आहे. ओरडण्याचा सराव उद्यापासून गच्चीवर सुरू होईल. शेजाऱ्यांना तेवढी कल्पना देऊन ठेवते.