मदत हवी आहे: अंजन टिकेना, माळावर आता कोणतं गवत लावू?

नमस्कार मंडळी,

तीन एकर माळ आहे. वीतभर माती, खाली मुरूम. एका कोपऱ्यात खोलगट भाग, तिथं पावसात पाणी साचतं. ओलिताची सोय नाही. जनावरं म्हणजे चार गायी आणि बारा शेळ्या.

गेल्या पावसाळ्यात सगळीकडे अंजन पेरलं. उगवण विरळच झाली, पण जे उगवलं ते तरारून आलं, म्हणून दीड महिन्यात गायी सोडल्या. गवताबरोबर मुळं आणि मातीही त्यांच्या तोंडात यायची, तेव्हा काही वाटलं नाही. खोलगट भागातलं अंजन तर कुजूनच गेलं. यंदा रिकाम्या जागी कुसळी माजली आहे आणि शेळ्यांच्या ओठांत कुसळं रुतताहेत.

त्याहून जास्त छळणारी गोष्ट वेगळीच. पाऊस थांबून महिना झाला. वरच्या अंगाला गवत कमरेएवढं उभं आहे, पण गायी तिकडे फिरकत नाहीत. खालच्या बाजूला जिथं जमीन जवळजवळ खरवडली गेली आहे, तिथंच दिवसभर तोंड खुपसून असतात. वरच्या बाजूला हाकललं तर खातात, पोटंही टम्म दिसतात, पण दूध उतरतंय.

सगळं नांगरून संकरित नेपियर लावावं असं एकाने सुचवलं. लावू का? की अंजनच पुन्हा पेरू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: शेण कसं पडतंय?

आधी एवढंच सांगा. शेण कडक, थरावर थर रचल्यासारखं पडतंय का?

प्रतिसाद: हो

हो, अगदी तसंच. पावसात पातळ होतं, आता कडक.

प्रतिसाद: मग गवत आहे, पण जून झालंय

कमरेएवढ्या गवताचा मोह सोडा. बी धरून वाळत गेलेल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. साधारण सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातल्या जिवाणूंनाच पुरेसं पोषण मिळत नाही. काडी पचायला वेळ लागतो, पोट भरलेलं राहतं आणि गाय नवं खाणंच कमी करते. टम्म पोट आणि उतरलेलं दूध एकत्र दिसतं ते यामुळे. तेच गवत फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापून वाळवलं असतं तर आज कामाला आलं असतं. यंदा ती वेळ गेली. सध्या पेंड किंवा द्विदल (शेंगवर्गीय) चारा जोडीला द्या, म्हणजे तीच काडी जास्त पचेल.

गायी वरच्या अंगाला का जात नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. खाली रोज नवा कोवळा फुटवा येतो, तो त्यांना गोड लागतो. तुमच्या माळाचा एक भाग अति चरून मरतोय आणि दुसरा न चरल्यामुळे वाया जातोय. बी बदलून हे थांबणार नाही.

प्रतिसाद: नेपियर नको

नेपियर हे कापून गोठ्यात घालायचं गवत आहे. त्याला पाणी लागतं, खत लागतं. कोरडवाहू मुरमावर, वरून जनावरांच्या खुरांखाली, ते काही तग धरणार नाही.

अंजनाची तुमची निवड चुकलेली नाही. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीचंच गवत आहे ते, फक्त त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. खोलगट कोपऱ्यात पॅरा गवताची ठोंबं लावा. जिथं माती जरा भारी आणि खोल असेल तिथं मारवेल गवत. विरळ उगवणीचं म्हणाल, तर बी ताजं होतं का? अंजनाचं बी झोपेत असतं, सहा महिने ते वर्षभर ठेवलेलं जास्त उगवतं. आणि एक सेंटीमीटरपेक्षा खोल गाडू नका. बी कापसासारखं हलकं असतं, ओलसर मातीत कालवून फेका म्हणजे वाऱ्यावर जात नाही.

प्रतिसाद: स्टायलो विसरलात सगळे

अंजनाच्या ओळींमध्ये स्टायलो हवाच. द्विदल आहे, मुरमाड जमिनीत येतो, आणि गवत वाळल्यावरही बराच काळ हिरवा राहतो. म्हणजे तुमचं दूध उतरतं नेमक्या त्या दिवसांत. त्याच्या बियांचं कवच टणक असतं. 80 अंश तापलेल्या पाण्यात चार मिनिटं बुडवा, मग रात्रभर साध्या पाण्यात. उकळत्या पाण्यात घालू नका, मी पहिल्या वर्षी बी चक्क शिजवलं होतं.

कुसळीला उपटत बसू नका. कोवळी असताना जनावरं आवडीने खातात, तेव्हाच त्या भागात गुरं दाटीने चारून घ्या. उरलेली कुसळं धरायच्या आत कापा.

प्रतिसाद: बंद मूठ

माळाचे आठ तुकडे करा. पावसाळ्यात एका तुकड्यात चार दिवस, मग पुढचा. फिरून पहिल्यावर येईपर्यंत त्याला 28 दिवस मिळतात. चारच्या पुढे नेऊ नका, कारण नवा फुटवा आलेला असतो आणि जनावर आधी तोच खातं, ठोंबात साठवलेलं अन्न तिथंच संपतं. गवत किती राखायचं? बंद मूठ जमिनीवर उभी टेकवा, तेवढं उरलं की जनावरं बाहेर. शेळ्यांच्या जंतांनाही आळा बसतो, त्यांच्या अळ्या बहुतेक बुडख्याजवळच असतात. नव्या पेऱ्यात जनावर सोडण्याआधी गवत मुठीत धरून खेचून बघा. मूळ वर आलं तर थांबा.

आता जरा कडू बोलतो. 350 किलोच्या गाईला रोज नऊ किलो सुका चारा धरा, शेळीला एक. तुमच्याकडे रोजचे 48 किलो. एकरी दोन टन सुकं गवत आलं असं धरू, त्यातलं निम्मं ठोंबासाठी सोडायचं, तर तीन एकरांत तीन टन हाती. भागिले 48. दोनच महिने! बाकीचा चारा कुठून आणायचा ते बी घेण्याआधी ठरवा.

प्रतिसाद: मूठ टेकवून आलो

खालच्या बाजूला दोन बोटंसुद्धा भरली नाहीत. ताजं बीच होतं, झाडून लगेच पेरलेलं. आजपासून खालचा भाग बंद केला, तिथं काट्यांची फांटी टाकली. गायी काट्याला थांबतात, शेळ्या नाही. बांधावर सुबाभूळ आहे, तो शेळ्यांना पोटभर चालेल का?

प्रतिसाद: पोटभर नको

एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं तर केस गळतात. आणि बारा शेळ्या काट्यांनी थांबणार नाहीत, जाळी आणा.