ह्यूमन कॉम्प्युटेशनला मराठीत काय म्हणाल?

नीरजा: एका मोठ्या लेखाचं भाषांतर करतेय, खगोलशास्त्रापासून भाषाशास्त्रापर्यंत क्राउडसोर्सिंग (एखादं मोठं काम खूप लोकांकडून थोडं थोडं करून घेणं) कुठे कसं वापरलं गेलं त्याचा आढावा आहे. 'जनस्रोत' लिहिलं तर संपादक म्हणाले बोजड आहे. ते एक वेळ ठीक, पण ह्यूमन कॉम्प्युटेशनला, म्हणजे मशीनला न जमणारं काम माणसांकडून करून घेण्याला, 'मानवी संगणन' म्हटलं की वाचणाऱ्याला माणसासारखा विचार करणारं मशीन वाटतं. नेमकं उलटं!

खटपट्या: क्राउडसोर्सिंगच ठेवा हो. शब्दच 2006चा, वायर्ड मासिकात जेफ हाव यांनी आउटसोर्सिंगवरून आणलेला. आउटसोर्सिंगला कोण मराठी शब्द वापरतं?

शब्दवेडा: 'जनस्रोत' मुळातच चूक. स्रोत म्हणजे प्रवाह, उगम नव्हे.

खटपट्या: ऊर्जास्रोत, उत्पन्नाचा स्रोत सगळे म्हणतात. अर्थ वापरातून ठरतो.

प्राची: क्राउडसोर्सिंग आणि ह्यूमन कॉम्प्युटेशन या दोन गोष्टी एकच नाहीत हे आधी बघा ना. गॅलेक्सी झू या ऑनलाइन प्रकल्पात (2007) लोक मुद्दाम येऊन दीर्घिकांचे फोटो बघून सर्पिल की लंबवर्तुळाकार ते सांगायचे, एकच दीर्घिका बऱ्याच जणांना दाखवून मतं जुळवायची. रीकॅप्चात, म्हणजे वेबसाइटवर आपण माणूसच आहोत हे दाखवायच्या चाचणीत, तसं नव्हतं, दोन शब्द यायचे, एकाचं उत्तर सिस्टिमला ठाऊक, दुसरा जुन्या छापील मजकुरातला मशीनला न वाचता आलेला, आणि टाइप करणाऱ्या बहुतेकांना आपण काय वाचून देतोय ते माहीतच नसायचं. म्हणून दोन्हींना 'लोकसहभाग' म्हणणं मला अजिबात पटत नाही, सहभागाला जाणीव लागते.

दिगंत: मशीन यायच्या आधी कॉम्प्युटर म्हणजे माणूसच होता. हार्वर्ड वेधशाळेतल्या आकडेमोड करणाऱ्या बायकांना तेच म्हणायचे. आपल्याकडे 'गणक' हा माणसासाठीचा जुना शब्द आहे, मग 'गणककार्य' का नको?

शब्दवेडा: गणक म्हणजे ज्योतिषीसुद्धा.

दिगंत: आकडेमोडच करायचा ना तो!

नीरजा: प्राची, जाणिवेचा मुद्दा लेखात घालतेच. पण अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या साइटवर एकेका छोट्या कामाचे पैसे घेणारे लोक पण यात येतात, निम्म्या विषयांचा डेटा त्यांच्याकडूनच आलाय. त्यांना स्वयंसेवक म्हणणं अन्याय होईल, 'कामगार' लिहू का?

प्राची: लिहा. कामच आहे ते, आणि मजुरीचा प्रश्न त्याशिवाय दिसणारच नाही.

शब्दवेडा: काहीही लिहा, पण 'स्त्रोत' लिहू नका, स+र आहे तो, त मध्ये कुठून आला?

खटपट्या: मग 'सहस्त्र' लिहिणाऱ्यांचं काय करायचं?

शब्दवेडा: तेही चूकच, सहस्र! त्यासाठी वेगळा धागा काढतो.